गेमच्या पोटातला पापड

माझ्या धाकट्या भावाला दुबईत नोकरी लागली तेव्हा त्याने मुंबईतली खोली रिकामी केली आणि खोलीतलं सामान नातेवाइकांत वाटून टाकलं. फ्रीज मावशीकडे गेला, पलंग एका मित्राकडे गेला. व्हिडिओ गेमचं मशीन मात्र तो स्वतः घेऊन आला. वीर स्टेशनला उतरून, रिक्षात बॅग मांडीवर धरून तो बिरवाडीला आमच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, हे तुझ्यासाठी आहे. पोरांसाठी नाही, तुझ्यासाठी."

त्याच्या बरोबर लक्षात होतं. आम्ही महाडला लहानाचे मोठे झालो. तिथे शेजारच्या घरी टीव्हीला जोडायचा कॅसेटचा गेम होता. खेळायची ती मुलं. कॅसेट अडकली की ती काढून तिच्यात फुंकर मारायचं काम माझं. माझ्या फुंकरीने कॅसेट हमखास चालू होते असं सगळ्यांचं मत होतं, त्यामुळे माझ्या हातात दुसरं काही कधी पडलंच नाही. पाळी यायची वेळ झाली की त्यांच्या घरी पानं मांडली जायची आणि आम्हाला घरी पिटाळलं जायचं.

आता मी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. माझा नवरा पोलादपूरच्या शाळेत गणित शिकवतो आणि रोज मोटारसायकलने जातो येतो. भावाने मशीन आणलं तेव्हा आमची थोरली मुलगी सात वर्षांची होती आणि धाकटा मुलगा चार वर्षांचा. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं आमचं भाड्याचं घर. त्यात टीव्हीखाली ते काळं मशीन ठेवलं आणि त्याला आमच्या घरी नाव पडलं 'गेम'. हातात धरून खेळायच्या बटणांच्या तुकड्याला आम्ही रिमोट म्हणायला लागलो. त्याला खरं काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण घरात जे नाव रुळतं तेच खरं.

भावाने बरोबर एकच चकती आणली होती, गाड्यांच्या शर्यतीची. डोंगरातला रस्ता, एका बाजूला दरी, आठ गाड्या. आंबेनळी घाटातून मी पावसात स्कूटर चालवलेली आहे, त्यामुळे वळणांचं मला काही वाटत नव्हतं. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की मी ओट्यावर फडका मारून टीव्हीसमोर बसायची. नवरा सुरुवातीला बाजूला बसून वह्या तपासायचा. मग एके दिवशी म्हणाला, "अगं, त्या वळणावर आधीच वेग कमी कर, नंतर नको." मी रिमोट त्याच्या हातात दिला. तो पहिल्याच वळणाला दरीत गेला आणि पुन्हा वह्यांकडे वळला.

मुलं माझ्या दोन्ही बाजूंना बसून पाहायची. त्यांनाही पाळ्या मिळायच्या. मला माझी पाळी कधी मिळाली नव्हती, म्हणून त्या बाबतीत मी कडक होते. प्रत्येकाला एक शर्यत, मग रिमोट पुढे.

पहिला बळी त्या रिमोटचाच गेला.

एकदा कारखान्यातून आले तर गेमजवळ रिमोट नाही. थोरली जमिनीवर बसून चित्र रंगवत होती.

"रिमोट कुठाय गं?"

"वाळत घातलाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मागच्या गॅलरीत जाऊन पाहिलं. कपड्यांच्या दोरीवर, माझ्या ओढणीच्या आणि नवऱ्याच्या बनियनच्या मधे, दोन चिमटे लावून रिमोट टांगलेला होता. खालच्या फरशीवर पाण्याचं थारोळं. भांड्यांच्या साबणाचा लिंबाचा वास येत होता.

"का धुतलास?"

"चिकट झाला होता," ती म्हणाली. "तूच सांगतेस ना, चिकट हात लावायचे नाहीत. मी हात धुतले आणि त्यालापण धुतलं. घासणीने नाही घासलं, हातानेच घासलं."

यावर मी ओरडले, चांगलीच ओरडले. तिने रंगपेटी बंद केली आणि खोलीत जाऊन बसली. रिमोट आम्ही तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला, तांदूळ ओल शोषून घेतात म्हणून. तो बाहेर काढल्यावर चालू झालाही, पण त्याला एक खोड लागली. कोणी हात लावला नाही तरी गाडी डावीकडेच वळायची. मी उजवीकडे दाबून धरायची तेव्हा ती कुठे सरळ जायची. असं दोन आठवडे चाललं आणि मग तो कायमचा थंड पडला.

नवऱ्याने तोडगा काढला. "मुलं मोठी होईपर्यंत कपाटात ठेवू या. कुलूप लावून."

"किती मोठी?"

"थोरली दहावीला जाईल तोवर."

"तोवर मला सांधेदुखी झालेली असेल," मी म्हणाले. "वस्तू वापरायला आणलीये. वापरताना मोडली तर बघू. कपाटात ठेवून ती माझ्या काय कामाची?"

या मुद्द्यावर मी हटले नाही. पण थोरली त्यानंतर पाळी आली तरी "मला नको" म्हणायला लागली होती, ते मला जास्त खुपत होतं. तिला मी बाजारात घेऊन गेले. नवा रिमोट तिनेच निवडायचा असं ठरवलं. महाडच्या दुकानदाराने तिला विचारलं, "घरात लहान भाऊ आहे?" तिने हो म्हटल्यावर तो मला म्हणाला, "मग मॅडम, वायरवाला घ्या. हरवत नाही, चार्जिंग लागत नाही, पोरांच्या घरात वायरवालाच टिकतो." थोरलीने निळ्या रंगाचा, लांब वायरचा रिमोट निवडला.

आणि नवऱ्याने, कपाटाचं माझ्यापुढे चाललं नाही म्हणून, टीव्हीच्या वर भिंतीत एक फळी ठोकली. गेम आता त्या फळीवर गेला. मुलांचा हात पुरणार नाही इतक्या उंचीवर. तो फळीकडे बघून म्हणाला, "आता काही होत नाही." मलाही ते पटलं. वायरवाला रिमोट आणि उंच फळी, दोन्ही उपाय शहाणपणाचेच होते.

मे महिन्यात उमरठहून सासूबाईंनी नाचणीच्या पापडांचा डबा पाठवला. दर वर्षी पाठवतात. नवऱ्याचं गाव ते. सासरे गेल्यापासून त्या तिथे एकट्या राहतात, दीर शेजारच्याच घरात आहे, भात आणि नाचणीची शेती आहे. त्या पापड लाटून झाला की एका वाटीने कापतात, त्यामुळे सगळे अगदी सारखे गोल. हिंग आणि जिरं भरपूर.

त्याच आठवड्यातल्या रविवारी मी गेम लावला आणि तो कण्हायला लागला. कर्र, कर्र, थोडं थांबून पुन्हा कर्र. चकती आत जाईना. मी बंद करून पुन्हा चालू केला. तसाच आवाज. मग थोड्या वेळाने वास यायला लागला. मी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं, गॅस बंद होता. शेजारी कोणी पापड भाजत असेल असं वाटलं. नवरा टीव्हीजवळ गेला, मान वर करून त्याने हुंगलं आणि गणिताचं उत्तर सांगावं तसं शांतपणे म्हणाला, "गेममधून येतोय."

मी धाकट्याकडे पाहिलं. त्याने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने छताकडे.

"कोणी टाकला पापड?"

"मी टाकला," धाकटा म्हणाला. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर उशी, तिच्यावर तो, असा त्याने फळीपर्यंतचा मार्ग काढला होता. चकती जायच्या फटीत पापड सरकवला होता आणि मशीनने तो आपल्या रबरी दातांनी आनंदाने आत ओढून घेतला होता.

"पण का रे?"

याचं उत्तर थोरलीने दिलं. "तो म्हणाला, गाडीची चकती टाकली की गाडी दिसते. आजीचा पापड टाकला की आजी दिसेल."

"नाही दिसली," धाकट्याने तक्रार केली.

नवरा वह्या घेऊन आतल्या खोलीत गेला. तो हसत होता हे त्याच्या पाठीवरून कळत होतं. या वेळी मला ओरडताच आलं नाही. मी सासूबाईंना फोन लावून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी दिसली नाय ते बरं झालं. शेणाच्या हातानं होती मी."

गेम घेऊन मी त्याच दुकानात गेले. दुकानदाराने मशीन कानाजवळ धरून हलवलं. आत खुळखुळ वाजलं. "हे आपल्याकडे होत नाही मॅडम," तो म्हणाला. "मुंबईला पाठवावं लागेल. पण पापडासाठी कोणी उघडेल असं वाटत नाही. नवीन घ्या."

घरी येऊन मी मशीन पालथं केलं आणि नीट पाहिलं. कारखान्यात माझ्या हाताखाली रोज चार यंत्रं असतात. त्यातलं एखादं रुसलं की आमच्या इन्स्ट्रुमेंट विभागातली एक मैत्रीण येते, ते उघडते, साफ करते, लावते. मी शेजारी उभी राहून बघते. त्यात जादू नसते एवढं मला कळलेलं होतं. स्क्रू काढताना कुठला कुठून काढला ते लक्षात ठेवायचं, जोर लावायचा नाही, आणि वायरी ओढायच्या नाहीत. मैत्रिणीकडून मी पान्यांचा संच मागून आणला, कारण गेमचे स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने निघणारे नव्हते. त्यांचं डोकं चांदणीसारखं होतं आणि मधे एक बारीक टोक.

"मोडलं तर?" नवऱ्याने विचारलं.

"मोडलेलंच आहे," मी म्हणाले.

रविवारी सकाळी जमिनीवर पांढरी चादर अंथरली. मुलांना बाजूला हाकलायचं की बसवायचं, याचा मी आदल्या दिवशी विचार केला होता. हाकललं असतं तर माझी पाठ वळल्यावर त्यांनी स्वतः उघडून पाहिलं असतं. म्हणून बसवलं. थोरलीने चादरीवर मशीनचं मोठं चित्र रंगीत खडूने काढलं आणि जिथला स्क्रू तिथे ठेवत गेली. धाकट्याचं काम हात मागे बांधून बसणं. त्याने ते पहिली दहा मिनिटं फार मनापासून केलं.

वरचं झाकण निघालं तेव्हा तिघांनीही एकदम "ओहो" केलं. आत पापड होताच, बारीक तुकड्यांत, रबरी रुळांना चिकटलेला. त्याच्या मागोमाग आलेली लाल मुंग्यांची रांगही होती. पण पापड एकटा नव्हता. एक शेंगदाणा होता. माझी टिकली होती, जी मला आठवडाभर सापडत नव्हती. थोरलीच्या केसांची एक पिन होती आणि बसचं तिकीट होतं, घडी घालून सरकवलेलं.

"तिकीट कशाला?"

"गाडीत बसायला तिकीट लागतं," धाकटा म्हणाला.

मी चिमट्याने एकेक तुकडा काढला. कारखान्यात काच पुसायला वापरतो तसल्या स्पिरिटने रूळ पुसले. मऊ ब्रशने मुंग्या झटकल्या. पंख्याच्या पात्यांवर धुळीचा जाड थर बसला होता, तोही काढला. मग उलट्या क्रमाने सगळं परत बसवलं. खडूच्या चित्रावर शेवटी एकही स्क्रू उरला नाही, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. चकती सरकवली. गेमने ती आत घेतली, घुर्र केलं, आणि टीव्हीवर डोंगर आला.

नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. मी त्या दिवशी दोन शर्यती सलग खेळले. कोणी पाळीचं नाव काढलं नाही.

सासूबाई आमच्याकडे आल्या त्या लावणी झाल्यावर, दातांसाठी. वरचे बरेच दात पडले होते, खालचे हलत होते. महाडला डॉक्टर कवळी बसवून देणार होते आणि त्यासाठी तीन-चार खेपा लागणार होत्या. तोवर राहायला आमच्याकडे. यायला त्या तयार नव्हत्या. गाव सोडलं की त्यांना करमत नाही. आमच्या घरात बसायला अंगण नाही, खिडकीतून कारखान्याच्या चिमण्या दिसतात, बाहेर पाऊस. मऊ भात खायचा आणि वाट बघत बसायचं.

पहिले दोन दिवस त्यांनी गेमकडे पाठ फिरवली. "डोळे जातील पोरांचे," म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी त्या खुर्ची वळवून बघायला लागल्या. चौथ्या दिवशी मी कारखान्यातून आले तर आतून त्यांचाच आवाज येत होता, "अरे मार ना हॉर्न, मार! सरकत नाय तो मेला!"

शनिवारी संध्याकाळी वरची कवळी बसली. घरी आल्यावर त्यांनी आरशात पाहिलं, तोंड मिटून उघडून पाहिलं, आणि त्या दिवशी त्यांचा मूडच वेगळा होता. थोरलीने ती वेळ बरोबर साधली. निळा रिमोट त्यांच्या हातात ठेवला.

"मला नाय जमायचं गो."

"जमतं आजी. हे दाबलं की पळते. हे दाबलं की थांबते."

"थांबायचं कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात परातीत कणीक मळत होते, तिथून सगळं दिसत होतं. सासूबाई चटईवर पाय दुमडून बसल्या होत्या. गाडी सुटली. पहिलं वळण डावीकडे, त्या अख्ख्या डावीकडे कलल्या. दुसरं उजवीकडे, त्या उजवीकडे. धाकटा त्यांच्या मागे उभा राहून तसाच कलत होता. ब्रेकला त्यांनी एकदाही हात लावला नाही. गाडी दरीच्या कडेला आली तशा त्या गुडघ्यांवर उठल्या, मग उभ्याच राहिल्या आणि "अगो बाय, गेली गेली गेली!" म्हणत रिमोटसकट पूर्ण मागे वळल्या.

वायर ताणली गेली. फळीवरचा गेम पुढे सरकला. माझे दोन्ही हात कणकेत. मी "आई!" म्हणेपर्यंत तो खाली आला, टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला आणि तिथून फरशीवर.

टीव्ही काळा झाला. सासूबाईंनी रिमोट चटईवर ठेवला, पदर तोंडाला लावला आणि विचारलं, "मोडला?"

धाकटा वाकून मशीनजवळ गेला. त्याला आता अनुभव होता. त्याने कान लावला आणि जाहीर केलं, "मोडला."

नवरा फळीकडे बघत राहिला. वायरवाला रिमोट घेतला म्हणून ओढला गेला आणि उंचावर ठेवला म्हणून इतक्या जोरात पडला, हे त्याच्या गणिती डोक्यात शिरलेलं मला दिसत होतं.

सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. दात दुखतात म्हणाल्या. सकाळी उठून पाहिलं तर दाराशी त्यांची पिशवी भरून तयार. लुगडं बदललेलं.

"कुठे निघालात आई?"

"पोलादपूरची गाडी धरते. तिथून जाईन मी. हितं राहून मी आणि काय काय मोडायची."

"खालचे दात बसायचेत अजून."

"ऱ्हाऊं देत. वरचे हायत."

"वरचे खालच्यांशिवाय चावणार कशाला?"

त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. खाली बसून पिशवीचा बंद पुन्हा बांधायला लागल्या. "एवढी मोठी वस्तू," म्हणाल्या. "तुझ्या भावानं तुला दिलेली. पोरांनी मोडली तर पोरं हायत. मी काय पोर हाय?"

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांना समजावण्यासारखं माझ्याजवळ मोठं काही नव्हतं. जे होतं ते सांगितलं. "आई, रिमोट थोरलीने साबणाने धुतला. पापड धाकट्याने घातला. आता तुमची पाळी झाली. आज रविवार आहे. मी तो उघडणार आहे आणि मला बॅटरी धरायला माणूस हवंय. तुमचा मुलगा धरतो तेव्हा उजेड भिंतीवर पडतो."

आतून नवरा म्हणाला, "मी ऐकतोय."

तेवढ्यात धाकट्याने येऊन त्यांची पिशवी उचलली. ती त्याला उचलत नव्हती. ओढत ओढत त्याने ती आतल्या खोलीत नेली आणि पलंगाखाली ढकलली. सासूबाईंनी त्याला थांबवलं नाही.

चादर अंथरली. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या आणि मोबाइलची बॅटरी त्यांनी अशी घट्ट धरली की उजेड हलला म्हणून नाही. झाकण काढल्यावर त्या पुढे वाकून बघत म्हणाल्या, "एवढंच हाय आत? बाहेरून केवढा मोठा दिसतो." मी त्यांना पंखा दाखवला, पापड अडकला होता तो रूळ दाखवला. तो त्यांनी बोटाने हळूच फिरवून पाहिला. "ह्याच्यातनं मी दिसणार व्हती व्हय रे?" असं धाकट्याला विचारलं आणि मग मात्र पोट धरून हसल्या. नवी कवळी सुटेल म्हणून एक हात तोंडावर.

मशीनचा एक कोपरा फुटला होता, तो चिकटपट्टीने बांधला. एक वायर जागेवरून निसटली होती, ती बसवली. तेवढ्यावर भागेल असं वाटलं, पण गेम चालू करून पाहिला तर आतून घड्याळासारखी टिकटिक यायला लागली. हार्ड डिस्क गेली होती. म्हणजे आम्ही खेळलेलं सगळं ज्यात साठवलेलं होतं तो भाग.

सोमवारी मी इन्स्ट्रुमेंटवाल्या मैत्रिणीला विचारलं. तिच्या घरी एक बंद पडलेला लॅपटॉप होता, त्याची डिस्क चांगली होती. ती तिने काढून दिली. नव्या डिस्कवर गेमची सगळी व्यवस्था पेन ड्राइव्हवरून पुन्हा घालावी लागते, ते तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. भावाला फोन केला. त्याने दुबईतून चार वेळा तेच तेच सांगितलं आणि पाचव्या वेळी मला समजलं.

गुरुवारी सासूबाईंचे खालचे दात बसले. आता त्यांना थांबायचं कारण नव्हतं. नवऱ्याने विचारलं, "उद्या सोडू का तुला?"

"रविवार झाला की जाते," त्या म्हणाल्या. "ते मशीन बोलतंय काय बघते."

रविवारी मी डिस्क बसवली. सगळी व्यवस्था भरायला बराच वेळ गेला. पडद्यावर एक निळी पट्टी गोगलगायीसारखी पुढे सरकत होती. आम्ही पाचही जण तिच्याकडे बघत बसलो होतो. भात लागला, तरी कोणी उठलं नाही. शेवटी मीच जाऊन गॅस बंद केला, परत आले तर डोंगर दिसत होता.

माझ्या जिंकलेल्या सगळ्या शर्यती पुसल्या गेल्या होत्या. मी शेवटच्या टप्प्याला पोचले होते. तो टप्पा आता कुलूप लावून बंद, आणि गाडीही पहिली, लाल, फुसकी. मला वाईट वाटलं, भात वाढून होईपर्यंत वाटलं. जेवता जेवता मी मनात पहिल्या वळणाचा हिशेब करायला लागले. तिथे मी सुरुवातीला कायम चुकायची. आता चुकणार नव्हते.

फळी नवऱ्याने स्वतःच उचकटून काढली. गेम जमिनीवरच ठेवला, टीव्हीच्या टेबलाखाली, मागच्या भिंतीला टेकवून. तिथून खाली पडायला जागाच नाही. धाकट्याचा हात तिथे सहज पोचतो, म्हणून मी त्याला फटीजवळ बसवून सांगितलं, "ह्याच्यात फक्त चकती." त्याने मान डोलावली. ते तो किती पाळेल याची मी खातरी देत नाही, पण पान्यांचा संच मी आता स्वतःचा घेतला आहे.

पहिली पाळी कोणाची यावर वाद झाला नाही. थोरलीने रिमोट सरळ आजीकडे दिला. सासूबाई बसल्या, आणि या वेळी थोरलीने त्यांच्या मांडीवर हात ठेवून ठेवला, उठू नयेत म्हणून. गाडी सुटली. कठड्याला घासली, झाडाला धडकली, एकदा उलट्या दिशेनेही गेली. इतर गाड्या केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या. तरी त्यांनी रिमोट सोडला नाही. शेवटच्या चढावर धूर काढत उभी असलेली एक निळी गाडी लागली. सासूबाईंनी तिला बाजूने गाठलं आणि मागे टाकलं. पडद्यावर सातवा क्रमांक आला.

"म्हणजे काय झालं?" त्यांनी विचारलं.

"आठांत सातवी आलीस, आजी."

"माझ्या मागं कोण हाय मग?"

"एक गाडी."

"हाय ना?" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी रिमोट माझ्याकडे दिला. "घे आता तू. पहिल्यापासून घे."